रक्तदाबाच्या गोळीचे गुण आणि दोष

हृदय आकुंचन पावले की रक्ताचा एक लोंढा धमन्यांत ढकलला जातो आणि त्या लोंढ्याचा धमन्यांच्या भिंतींवर जो जोर पडतो त्याला रक्तदाब म्हणतात. वरचा आकडा हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा असतो आणि खालचा हृदय सैलावलेले असतानाचा; १२० आणि ८० या आकड्यांचा अर्थ असा, की तो जोर पाऱ्याचा स्तंभ अनुक्रमे तितके मिलिमीटर उचलून धरू शकतो. हा जोर मुळात दोन गोष्टींवर ठरतो. हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते ही पहिली, आणि अगदी बारीक धमन्या, ज्यांना धमनिका म्हणतात, त्या रक्ताला किती अडवतात ही दुसरी. बागेला पाणी देताना नळ अधिक सोडला तरी नळीतला जोर वाढतो आणि नळीचे तोंड बोटाने दाबले तरी वाढतो, तसेच हे आहे. मात्र शरीरातली नळी जिवंत असते, ती स्वतःच आवळते आणि सैलावते, आणि नळ किती सोडायचा हे मज्जातंतू, मूत्रपिंडे आणि संप्रेरके, म्हणजे रक्तातून संदेश वाहून नेणारी रसायने, मिळून क्षणोक्षणी ठरवत असतात.

माणूस झोपेतून उठून उभा राहिला तरी मेंदूला रक्त कमी पडू नये, जखमेतून रक्त वाहून गेले किंवा उन्हातान्हात घामावाटे मीठ-पाणी गेले तरी जीव तगून राहावा, यासाठी ही तिहेरी व्यवस्था घडलेली आहे. उच्च रक्तदाबात ती मोडून पडलेली नसते. ती नको तितक्या वरच्या पातळीवर स्थिरावलेली असते आणि ती पातळी खाली आणण्याचा प्रयत्न झाला की तिला विरोध करते. रक्तदाबावरचे प्रत्येक औषध या व्यवस्थेतल्या कोणत्या ना कोणत्या दुव्याला हात घालते. पण शरीरात एकाच कामासाठी राखून ठेवलेले दुवे फारसे नसतात. जे रसायन धमनिका आवळते तेच मेंदूत मनाची उभारी टिकवण्यास हातभार लावते, जे हृदयाची गती वाढवते तेच श्वासनलिका मोकळ्या ठेवते. म्हणून औषधाचा गुण आणि त्याचा दोष बहुतेक वेळा एकाच मुळातून फुटलेले असतात, आणि ते मूळ कळले की दुष्परिणामांची लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही. ती बरीचशी तर्काने उलगडते.

हे समजून घेण्याची गरज इतर आजारांपेक्षा या आजारात अधिक आहे. उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही की खुपत नाही. तो वर्षानुवर्षे धमन्या जाड आणि ताठर करत राहतो आणि शेवटी पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मूत्रपिंडांचा बिघाड या रूपाने प्रकट होतो. ज्याला काहीच होत नाही अशा माणसाने रोज गोळी घ्यावी, तीही बहुधा जन्मभर, अशी या उपचाराची मागणी असते. औषधाचा गुण यंत्रावरच्या आकड्यात दिसतो, दोष मात्र थेट अंगाला जाणवतो. घोट्यावर सूज आली, खोकला लागला, चक्कर आली की रुग्णाला गोळी हाच आजार वाटू लागतो आणि पुष्कळदा तो कोणाला न सांगता ती सोडून देतो. त्याचे हे वागणे अडाणीपणाचे म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे, कारण त्याच्या अनुभवात गोळीची एकच बाजू आलेली असते.

औषधे नव्हती तेव्हाची स्थिती फार जुनी नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये तपासले तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६ आणि १०८ होता. जगातल्या एका बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखासाठी उपलब्ध होते ते विश्रांती, मीठ कमी करणे, झोपेची औषधे आणि हृदयाला बळ देणारे डिजिटॅलिस. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, आणि त्या दिवशीचा आकडा ३०० आणि १९० असा नोंदला गेला. त्या काळातल्या अनेक डॉक्टरांना वाढलेला दाब ही शरीराची आवश्यक तडजोडच वाटत असे. कडक झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे जायचे तर जोर वाढायलाच हवा, मग तो कमी करून घात का करावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’ या आजही रूढ असलेल्या नावात त्या समजुतीची खूण उरली आहे.

या कोंडीतून बाहेर पडण्याच्या वाटांपैकी एक महत्त्वाची वाट भारतातून, आणि तिचा निर्णायक टप्पा मुंबईतून गेला. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि उन्मादावर पूर्वापार दिली जात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उपयोग वेडसरपणाबरोबर वाढलेल्या रक्तदाबावरही होतो असे प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतील काही क्षारद्रव्ये वेगळी काढून त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलिन असे नाव दिले. तरीही आधुनिक वैद्यकाने तिची दखल घ्यावी असा पुरावा उभा राहिला तो मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांच्या कामातून. त्यांनी पन्नास रुग्णांवर सर्पगंधेचा प्रयोग करून रक्तदाब नोंदवले आणि तो अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. परंपरेने चालत आलेल्या मुळीला मोजमापाच्या कसोटीवर घासून पाहण्याचे ते काम होते, आणि आज परंपरेचा गौरव करताना या कसोटीचाच विसर पडतो हे खेदाचे आहे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले आणि १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिनची करणी अशी, की मज्जातंतूंच्या टोकांशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत नॉरॲड्रेनलिन हे रसायन साठवून ठेवण्याची सोयच ते बंद करते. नॉरॲड्रेनलिन हा धमनिकांना आवळण्याचा निरोप. पिशव्या रिकाम्या झाल्या की निरोप पोहोचत नाही, धमनिका सैलावतात, हृदयाची गती मंदावते आणि दाब उतरतो. परंतु तशाच पिशव्या मेंदूतही असतात आणि त्यांत सेरोटोनिन व डोपामिन ही मनोव्यापारांशी निगडित रसायनेही साठवलेली असतात. रेसर्पिन रक्तदाबाची पिशवी आणि मनाची पिशवी असा भेद करत नाही. त्या काळी मोठ्या मात्रेत ते घेणाऱ्या काही रुग्णांना खोल विषण्णता येऊ लागली; नाक चोंदणे, सुस्ती, जठरात आम्ल वाढणे हे त्याखेरीज. या विषण्णतेच्या निरीक्षणातून खिन्नता हा आजार मेंदूतील रसायनांशी निगडित असावा या कल्पनेला बळ मिळाले, म्हणजे एका औषधाचा दोष हा मेंदूविज्ञानाला एक धागा ठरला. पुढे कमी मात्रा वापरात आल्यावर हे त्रास बरेच घटले, तरी नवी औषधे आल्यावर रेसर्पिन मागे पडले.

मात्र मागे पडण्याआधी त्याने एक मोठी कामगिरी बजावली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली १४३ पुरुषांवर एक चाचणी झाली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना रेसर्पिन, हायड्रॅलझिन आणि एक मूत्रल अशी तिहेरी औषधयोजना व निम्म्यांना औषधासारख्याच दिसणाऱ्या पण निष्क्रिय गोळ्या दिल्या गेल्या. १९६७ मध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर आघात झाले होते आणि औषध घेणाऱ्यांत केवळ २ जणांना. वाढलेला दाब शरीराला आवश्यक असतो हा युक्तिवाद त्या दिवशी संपला.

त्या योजनेतले मूत्रल म्हणजे लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर घालवणारे औषध, ज्याला रुग्ण पाण्याची गोळी किंवा लघवीची गोळी म्हणतात. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत घेतात. परत घेण्याच्या या लांब नळीत पुढच्या टप्प्यावर मीठ आत ओढणारा एक प्रथिनांचा दरवाजा असतो; हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन आणि त्यांच्यासारखे काम करणारे इंडापामाइड तो दरवाजा अडवतात. या घराण्यातले पहिले औषध क्लोरोथायझाइड १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कार्ल बेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्फा औषधांच्या अभ्यासातून शोधले. आरंभी रक्तातला द्रव घटून दाब उतरतो, पण काही आठवड्यांनी द्रव जवळपास पूर्ववत होतो आणि तरीही दाब उतरलेलाच राहतो, कारण तोवर धमनिका सैलावलेल्या असतात. त्या का सैलावतात याचे एकमताचे उत्तर अजून नाही.

मीठ अडवले गेले की नळीत पुढे अधिक सोडियम पोहोचते आणि तेथे सोडियमच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकले जाते, म्हणून या गोळ्यांनी रक्तातले पोटॅशियम घटून पायांत गोळे येणे, अशक्तपणा वाटणे, क्वचित हृदयाची लय बिघडणे असे त्रास होतात. यूरिक आम्ल बाहेर पडण्याचे काम मंदावते, म्हणून ज्याला गाऊट आहे त्याचा अंगठा पुन्हा ठणकू शकतो. रक्तातील साखरही थोडी वाढते. वयस्क माणसांत, विशेषतः बारीक चणीच्या वृद्ध स्त्रियांत, सोडियम इतके खाली जाऊ शकते की त्यांना भ्रम होतो, बोलणे असंबद्ध होते, आणि घरची माणसे ते म्हातारपणाचे विसरणे समजतात. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रक्तातील क्षार तपासण्याची जी सूचना डॉक्टर देतात ती याचसाठी असते आणि ती टाळण्याजोगी नाही. याच औषधांनी कॅल्शियम मात्र लघवीतून कमी जाते, त्यामुळे कॅल्शियमचे मुतखडे वारंवार होणाऱ्या काही रुग्णांना ती मुद्दाम दिली जातात. एकाचा दोष तो दुसऱ्याचा गुण, तो असा.

बीटा ब्लॉकर या गटाची कथा हृदयशूळापासून सुरू होते. ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन पेशींवरच्या ज्या ग्राहकांना, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटतात त्यांतल्या बीटा नावाच्या ग्राहकांची जागा आधीच अडवून ठेवली तर हृदयावरचा ताण कमी होईल, असा तर्क जेम्स ब्लॅक यांनी मांडला आणि त्यातून १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आले. १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधाने रक्तदाबही उतरतो हे नंतर ध्यानात आले. नाडी मंदावते, हृदय कमी जोराने आकुंचन पावते आणि मूत्रपिंडांतून रेनिन हे द्रव्य कमी स्रवते, हे त्याचे मार्ग. श्वासनलिका मोकळ्या ठेवणारे ग्राहकही बीटा जातीचेच असल्याने दम्याच्या रुग्णाला ते घातक ठरू शकते. हातपाय गार पडणे, जिने चढताना थकवा येणे, झोपेत विचित्र स्वप्ने पडणे हेही त्याच साखळीतले. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींत साखर अचानक उतरली तर छातीत जी धडधड होऊन इशारा मिळतो, तो इशाराच हे औषध झाकून टाकते. आज केवळ रक्तदाबासाठी पहिली निवड म्हणून ते सहसा दिले जात नाही, पण हृदयविकाराच्या झटक्यानंतर किंवा हृदय अशक्त झालेल्या रुग्णांत त्याचे स्थान पक्के आहे.

भारतात सध्या सर्वाधिक घराघरांत पोहोचलेल्या औषधांपैकी एक म्हणजे ॲम्लोडिपिन. धमनिकांच्या भिंतीतले स्नायू आवळण्यासाठी पेशीत कॅल्शियम शिरावे लागते. ते शिरण्याचे मार्ग अरुंद करता येतात हे १९६०च्या दशकात जर्मनीतील अल्ब्रेख्ट फ्लेकेनस्टाइन यांनी दाखवले आणि त्यातून कॅल्शियम ब्लॉकर हा गट उभा राहिला. हाडांतल्या किंवा आहारातल्या कॅल्शियमशी याचा संबंध नाही, दूध पिणे थांबवावे लागत नाही. या शंकेने हैराण झालेले रुग्ण पुष्कळ असतात म्हणून हे स्पष्ट सांगणे बरे. ॲम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, त्याची निम्मी मात्रा जायलाच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे एखादा दिवस गोळी चुकली तरी दाब एकदम उसळत नाही. याच गटातील झटपट काम करणाऱ्या निफेडिपिनच्या कॅप्सूलचा एकेकाळी उलटा अनुभव आला: दाब वाढलेला दिसला की कॅप्सूल टोचून तिचे थेंब जिभेखाली टाकण्याची पद्धत रूढ झाली होती, आणि दाब इतक्या झपाट्याने कोसळे की मेंदूला व हृदयाला रक्त अपुरे पडून काहींना पक्षाघात व हृदयविकाराचे झटके आले. वर्षानुवर्षे चढलेला दाब काही मिनिटांत उतरवणे हा उपचार नव्हे, हे वैद्यकाने त्यातून मोठी किंमत देऊन शिकून घेतले.

ॲम्लोडिपिनचा ठळक दोष म्हणजे घोट्यांवरची सूज, आणि तिचे कारण समजले नाही तर उपाय हमखास चुकतो. औषधाने केशवाहिन्यांत रक्त आणणाऱ्या धमनिका सैलावतात, पण केशवाहिन्यांतून रक्त परत नेणाऱ्या नीलिका त्या प्रमाणात सैलावत नाहीत. येण्याची वाट रुंद आणि जाण्याची तशीच, यामुळे केशवाहिन्यांत दाब वाढून द्रव बाहेर झिरपतो आणि गुरुत्वाने पायांत साचतो. शरीरात एकूण पाणी वाढलेले नसते, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी झालेले नसते. म्हणून या सुजेवर पाण्याची गोळी दिली तर क्षार बिघडतात आणि सूज फारशी हटत नाही. मात्रा कमी करणे किंवा नीलिकाही सैल करणारे दुसऱ्या गटातले औषध जोडीला देणे हे अधिक योग्य. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातील आकडे येथे बोलके आहेत: ५ मिलिग्रॅमला सुमारे ३ टक्के रुग्णांत सूज दिसली आणि १० मिलिग्रॅमला सुमारे ११ टक्क्यांत, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त होते. कारण शोधताना डॉक्टरांनी मात्र हृदय, यकृत व मूत्रपिंडे यांच्याकडे पाहून घ्यायलाच हवे, सूज दिसली की गोळीवर बोट ठेवून मोकळे होणे तेवढेच चुकीचे. चेहरा तापल्यासारखा लाल होणे, डोके जड होणे हे आरंभीचे त्रास बहुधा ओसरतात. हिरड्या क्वचित सुजून वाढतात, हे मात्र रुग्ण दंतवैद्यालाच सांगतो आणि गोळीचा उल्लेख राहून जातो.

या सर्वांत उलगडायला सर्वात सुंदर यंत्रणा रेनिन आणि अँजिओटेन्सिन यांची आहे. मूत्रपिंडांकडे रक्त कमी आले असे त्यांना वाटले की ती रेनिन सोडतात. रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन एक हे निरुपद्रवी द्रव्य तयार होते आणि मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील एसीई हे विकर, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारे प्रथिन, त्याचे अँजिओटेन्सिन दोनमध्ये रूपांतर करते. हे दुसरे द्रव्य धमनिका जोरात आवळते आणि शरीराला मीठ धरून ठेवायला लावते. हे विकर अडवण्याची किल्ली ब्राझीलमधील जराराका या विषारी सापाने पुरवली. त्याच्या दंशाने दाब कोसळतो आणि त्या विषाच्या अभ्यासातच मौरिसिओ रोशा ए सिल्व्हा यांना १९४०च्या दशकाच्या अखेरीस रक्तवाहिन्या सैलावणारे ब्रॅडिकायनिन हे द्रव्य सापडले. त्यांचे शिष्य सर्जिओ फरेरा यांनी १९६५ मध्ये विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम लांबवणारा घटक असल्याचे दाखवले आणि तो घेऊन ते लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे वाय. एस. बखले यांनी १९६८ मध्ये कुत्र्याच्या फुप्फुसातील विकरावर तो घटक पडताळला आणि तो एसीईला रोखतो हे प्रकाशात आले. पुढे अमेरिकेत डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी त्या नमुन्यावरून तोंडाने घेता येईल असा छोटा रेणू घडवला; तो कॅप्टोप्रिल, आणि १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, पेरिंडोप्रिल ही त्याचीच पुढची पिढी.

या घराण्याचा प्रसिद्ध कोरडा खोकला कोठून येतो हे वरील इतिहासातच दडलेले आहे. एसीई हे विकर अँजिओटेन्सिन घडवण्याबरोबर ब्रॅडिकायनिन मोडण्याचेही काम करते. ते अडवले की ब्रॅडिकायनिन साचते, दाब उतरायला त्याचा हातभार लागतो, आणि घशातल्या मज्जातंतूंना तेच खाजवत राहते. साधारण दहांतल्या एकाला हा खोकला लागतो आणि तो गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही येत असल्याने कोणाला गोळीचा संशय येत नाही. कफ सिरप, प्रतिजैविके, छातीचे फोटो असा प्रवास होतो आणि खोकला मात्र गोळी बदलल्यावर काही आठवड्यांत थांबतो. क्वचित, शेकडा एकाहूनही कमी रुग्णांत, ओठ, जीभ व घसा झपाट्याने सुजतो. तो प्रसंग जिवावरचा असतो, तातडीने रुग्णालय गाठावे लागते आणि ते औषध पुन्हा कधीही द्यायचे नसते.

विकराऐवजी अँजिओटेन्सिन दोनचा ग्राहकच अडवला तर ब्रॅडिकायनिन साचण्याचा प्रश्न उरत नाही, या विचारातून लोसार्टन आले आणि नंतर भारतात अतिशय प्रचलित झालेले टेल्मिसार्टन. खोकला त्यांत जवळपास नाही, परंतु बाकीचे धोके दोन्ही घराण्यांत सामाईक आहेत. मूत्रपिंडातील गाळणीतून रक्त बाहेर पडण्याची वाट अँजिओटेन्सिनने आवळलेली असते, ती सैलावली की गाळणीवरचा दाब कमी होतो. मधुमेहात गाळणी वाचते ती यामुळे, आणि औषध सुरू केल्यावर रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम जोखण्यासाठी मोजले जाणारे द्रव्य, थोडे वाढते तेही यामुळेच. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, त्याहून अधिक झाली तर मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत का हे पाहतात. पोटॅशियम मूत्रलांच्या अगदी उलट, वाढते. मूत्रपिंडे आधीच अशक्त असलेल्या माणसाने ही गोळी घेत असताना ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारे, पोटॅशियम घातलेले मीठ आणले किंवा रोज शहाळे सुरू केले, तर आरोग्याच्या नावाखाली हृदयाची लय धोक्यात येते. गर्भारपणात ही दोन्ही घराणी वर्ज्य आहेत, कारण गर्भाची मूत्रपिंडे घडण्यासाठी अँजिओटेन्सिन लागते. मूल होऊ द्यायचा विचार असणाऱ्या स्त्रीने तो डॉक्टरांना आधीच सांगितला तर मेथिलडोपा, लॅबेटालॉल किंवा सावकाश पाझरणारे निफेडिपिन यांपैकी निवड करता येते.

आणखीही औषधे आहेत, त्यांचा केवळ उल्लेख पुरे. प्रॅझोसिनच्या पहिल्या गोळीने उभे राहताच भोवळ येते म्हणून ती रात्री झोपताना देतात. स्पायरोनोलॅक्टोन तीन औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबावर प्रभावी ठरते पण पुरुषांत स्तनांना दुखरी सूज आणते. मिनोक्सिडिलने अंगावर केस वाढतात, आणि याच दोषातून टकलावर चोळण्याचे औषध जन्मले.

एका औषधाची मात्रा वाढवत नेणे आणि दोन औषधे थोड्या मात्रेत देणे यांत कोणते बरे, या प्रश्नाचे उत्तर आता स्पष्ट आहे. ३५४ चाचण्यांचा एकत्र विचार करून २००३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवले की मात्रा निम्मी केली तर दाब उतरण्याचा परिणाम जेमतेम पाचव्या हिश्शाने घटतो, दुष्परिणाम मात्र बऱ्याच गटांत खूप घटतात. रुग्णाला मात्र दोन गोळ्या म्हणजे आजार दुप्पट झाला असे वाटते, आणि ही समजूत दूर करायला डॉक्टरांना दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मिळत नाहीत ही आपल्याकडची खरी अडचण आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्याच्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन अशा मोजक्या औषधांचा ठरीव क्रम प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेला गेला, त्यामागे हाच हिशेब आहे: साधी, स्वस्त, एकमेकांचे दोष झाकणारी औषधे. टेल्मिसार्टन नीलिका सैलावून ॲम्लोडिपिनची सूज कमी करते आणि क्लोरथॅलिडोन घालवते ते पोटॅशियम काही अंशी राखते.

प्रत्येक त्रासाचे मूळ गोळीच्या रसायनातच असते असे मात्र नाही. ९६ पुरुष हृदयरुग्णांवरच्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात सर्वांना ॲटेनोलॉल हे एकच बीटा ब्लॉकर औषध दिले गेले. ज्यांना औषधाचे नाव माहीत नव्हते त्यांच्यापैकी सुमारे ३ टक्क्यांनी लैंगिक दुर्बलतेची तक्रार केली, ज्यांना नाव सांगितले होते त्यांच्यापैकी सुमारे १६ टक्क्यांनी, आणि ज्यांना नावासह हा संभाव्य दोषही सांगितला होता त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्क्यांनी. त्या पुरुषांचा त्रास खोटा नव्हता. अपेक्षेतून उपजलेला त्रासही अंगाला तितकाच होतो. दोष लपवावेत असा याचा अर्थ काढणे चूक ठरेल, पण यादी वाचून दाखवणे आणि कोणता दोष किती जणांना होतो, तो झाल्यास काय बदलता येते हे सांगणे यांत फार अंतर आहे.

गोळी अचानक सोडण्याचे परिणाम औषधागणिक निराळे होतात. ॲम्लोडिपिन सोडले तर दाब काही दिवसांत हळूहळू चढतो. बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवले तर इतके दिवस अडवलेले ग्राहक अधिक संवेदनशील झालेले असतात आणि हृदयरोग्याला छातीत कळ येऊन झटकाही येऊ शकतो. क्लोनिडिन हे रक्तदाबावरचे आणखी एक औषध थांबवले तर एकदोन दिवसांत दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, याबद्दल जी चर्चा असते तिला तेवढे महत्त्व नाही: ब्रिटनमधील २१,००० हून अधिक लोकांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही वेळांत आघातांचे प्रमाण सारखेच निघाले, तेव्हा जी वेळ लक्षात राहते तीच योग्य.

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळणारी वेदनाशामके हा याहून गंभीर विषय आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडांत मीठ अडवून धरतात, रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम बोथट करतात, आणि मूत्रल व अँजिओटेन्सिनविरोधी औषध यांच्या जोडीला आल्या तर मूत्रपिंडांना एकाच वेळी तिन्ही बाजूंनी कोंडीत धरतात. गुडघेदुखीसाठी त्या महिनोन्‌महिने घेणाऱ्या वृद्धाचा दाब ‘कोणत्याच गोळीला जुमानत नाही’ असे म्हटले जाते तेव्हा चौकशी तेथून सुरू व्हायला हवी. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेलेले असताना मूत्रल आणि अँजिओटेन्सिनविरोधी या दोन गटांच्या गोळ्या चालू ठेवल्या तर मूत्रपिंडे एकाएकी बंद पडू शकतात, म्हणून अशा दिवसांत त्या थांबवायच्या का आणि पुन्हा केव्हा सुरू करायच्या हे डॉक्टरांना विचारून आधीच ठरवलेले असावे. दाब उतरवणाऱ्या गोळ्यांचा आणखी एक धोका नजरेआड राहतो: वयस्क माणसाचा दाब बसवून मोजला जातो, पण माणूस पडतो तो उभा राहताना. बसलेल्या किंवा आडव्या स्थितीतून उठल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर रात्री लघवीला उठलेला माणूस अंधारी येऊन कोसळण्याचा आणि त्याचे खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो; हा फरक दंडावरचा पट्टा न काढता, रुग्णाला उभे करून, दुसऱ्यांदा मोजल्यावरच दिसतो.